समारोहाला एक सकाळ द्या

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील ज्या सभागृहाला डॉ. वसंतराव देशपांडे यांचे नाव दिलेले आहे, तेथे त्यांच्या स्मरणार्थ दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या वतीने होणारा संगीत समारोह यंदाही मी मनोभावे ऐकला. आणि ज्या शहरात नामवंत गवयांना समोर बसून ऐकण्याचा योग पुण्या-मुंबईच्या मानाने विरळाच येतो, त्या शहरास हे ऐश्वर्य प्राप्त करून दिल्याबद्दल कृतज्ञता नोंदविल्यावाचून पुढे एक शब्दही लिहिणे मला प्रशस्त वाटत नाही.

वसंतराव जन्माने वऱ्हाडातले, मूर्तिजापूरचे. परंतु त्यांच्या गळ्याला शिस्तीचे पहिले वळण लागले ते नागपुरात, शंकरराव सप्रे यांच्यापाशी, आणि त्याच गुरूंच्या हाताखाली पुढे सी. रामचंद्र या नावाने चित्रपटसृष्टी गाजविणारे रामचंद्र चितळकरही शिकले. बालवयात भालजी पेंढारकरांच्या 'कालिया मर्दन'मधील कृष्ण, लाहोरास असद अली खाँसाहेबांकडून मिळालेला मारवा, सैन्याच्या हिशेब खात्यातील वर्षानुवर्षांची नोकरी, आणि १९६७ साली, वयाची सत्तेचाळिशी गाठल्यावर, नागपूरच्याच पुरुषोत्तम दारव्हेकरांनी लिहिलेल्या 'कट्यार काळजात घुसली'मधले खाँसाहेब: एवढी वळणे घेऊन ज्याचे गाणे लोकांच्या हृदयापर्यंत पोहोचले, त्या गायकाचे स्मरण या शहराने करावे हे उचितच होय.

यातील मारव्यापाशी मला थोडे थांबायचे आहे. कोमल ऋषभ, तीव्र मध्यम, पंचम वर्ज्य आणि षड्जावर विसावण्याची सतत टाळाटाळ, यांमुळे सूर्यास्तसमयीची जी एक व्याकुळ अस्थिरता या रागात साकार होते, तिचे वसंतरावांना विलक्षण आकर्षण होते. आता पाहा, हेच स्वर घेऊन पूरिया मंद्र सप्तकात, गंधार आणि निषाद यांच्या आश्रयाने गंभीरपणे उतरतो. आणि हेच स्वर घेऊन सोहनी रात्रीच्या अखेरच्या प्रहरी तार सप्तकात अशी काही झेपावते की, मघाचे स्वर ते हेच काय, असा प्रश्न पडावा. ललित आणि भटियार हे पहाटेचे रागही पं. भातखंड्यांनी मारवा थाटातच घातलेले आहेत. अर्थात ज्याने आयुष्यभर केवळ सायंकाळच्याच मैफली ऐकल्या, त्याला या कुटुंबातील मारवा आणि पूरिया तेवढे भेटतात. सोहनी, ललित आणि भटियार यांची त्यांच्या वेळी, त्यांच्या प्रकाशात, कधी गाठच पडत नाही.

आणि आज आपण सारे असेच सायंकाळचे श्रोते झालो आहोत. भीमसेन जोशी यांनी १९५३ साली पुण्यात आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला, त्या महोत्सवात पुढे कित्येक वर्षे गाणे रात्रभर चाले आणि भैरवी होईपर्यंत उजाडलेले असे. परंतु २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर खुल्या जागेतील ध्वनिक्षेपकावर बंदी आली आणि ती परंपरा खंडित झाली. त्या नियमांविरुद्ध माझी तक्रार नाही. आजाऱ्याची आणि विद्यार्थ्याची झोप गाण्याहून मोलाची आहे. परंतु रात्र गेली तिच्याबरोबर पहाटही जावी, अशी सक्ती कोणत्याच कायद्याने केलेली नव्हती. पहाट आपण आपल्याच हाताने घालविली. संध्याकाळी सहा-सात वाजता आरंभ, मग दीपप्रज्वलन, सत्कार आणि भाषणे, आणि मुख्य गायकाच्या वाट्यास उरलेला तास-दीड तास, हा बहुतेक ठिकाणचा दस्तुर होऊन बसला आहे. त्यातून विलंबित ख्यालाची बढत आक्रसते, आणि यमन, पूरिया कल्याण, बागेश्री यांच्या पलीकडचा विशाल प्रदेश श्रोत्यांच्या कानांना अपरिचित राहतो.

यावर कोणी म्हणेल की, रागाचा काळ हा निव्वळ संकेत आहे, दाक्षिणात्य संगीतात तो इतक्या काटेकोरपणे पाळत नाहीत, आणि ध्वनिमुद्रणे तर कोणत्याही प्रहरी ऐकता येतात. हे सर्व मान्य करूनही मला वाटते की, पिढ्यान् पिढ्यांच्या सूक्ष्म श्रवणातून जो संकेत सिद्ध झाला, त्याची प्रचीती एकदा तरी प्रत्यक्ष घेतल्यावाचून तो निरर्थक ठरविण्याचा अधिकार आपल्याला पोहोचत नाही. सकाळी आठ वाजता, झोपेने ताज्या झालेल्या कानांनी तोडीचा कोमल गंधार ऐकणे हा अनुभव दिवसभराच्या कामाने शिणलेल्या श्रोत्याला रात्री मिळणे शक्य नाही. आणि ज्या विद्यार्थ्यांना वर्गात तोडी, जौनपुरी, आसावरी शिकवितात, त्यांनी ते राग मैफलीत फुललेले कधीच ऐकू नयेत, ही तर मला या साऱ्यातली सर्वांत मोठी हानी वाटते.

नागपूरकर पहाटे उठत नाहीत, असेही म्हणण्याची सोय नाही. दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमांना याच शहरात माणसे भल्या पहाटे सहकुटुंब येऊन बसतात. शिवाय या समारोहाचे सभागृह बंदिस्त, ऋतू पावसाळ्याचा आणि हवा सुखद. एका रविवारच्या सकाळची तजवीज करण्यासाठी भाड्यापलीकडे फारशी निराळी तरतूदही लागू नये. त्या सत्रात एक नामवंत गायक असावा, त्याच्याआधी विदर्भातील गुरूंकडे शिकणाऱ्या एखाद्या तयारीच्या विद्यार्थ्याला पाऊण तास मिळावा, आणि भाषण एकही नसावे.

केंद्राच्या चालकांना माझी ही नम्र दरखास्त आहे. आणि ज्या रसिकांना ती पटेल, त्यांनी पुढील वर्षाची कार्यक्रमपत्रिका ठरण्यापूर्वीच केंद्राच्या कचेरीत तसे लेखी कळवावे, आणि सत्र ठरलेच तर त्या रविवारी आपापल्या मुलांना बरोबर घेऊन वेळेवर हजर राहावे.