गाडीची तपासणी होते, रस्त्याची कधी?

आमच्या जुन्या गाडीचं स्टिअरिंग जड झालं, खाली तेल गळायला लागलं. मेकॅनिकने रॅक खोलून दाखवला. टोकाचा रबरी बूट फाटलेला, चिखलपाणी आत, शाफ्टला गंज, त्यावर घासून ऑइल सील गेलेलं. गंज वरवरचा होता म्हणून शाफ्ट पॉलिश करून, नवीन सील-बुश टाकून भागलं. नाहीतर अख्खा रॅक बदलावा लागला असता.

पण दापोड्याच्या गोदामांकडचा, कंटेनरांनी उखडलेला रस्ता तोच!

१५ वर्षांनंतर गाडी तपासतात, पर्यावरण करही घेतात. ठीक आहे, घ्या. मग रस्ता कोण तपासणार? खड्ड्यात खडी ओतली म्हणजे दुरुस्ती नव्हे. पावसाळ्याआधी बूट तपासा, आणि ग्रामसभेत हा प्रश्न विचाराच.