सावली मोजणार कोण?

पुढच्या शनिवारी मॉलला गेलात की एक काम करा. शॉपिंग उरकून गेटबाहेर या आणि दुपारी तीन वाजता रिक्षाची वाट बघत उभं राहायला सावली शोधा. कातरलेली हिरवळ दिसेल, पांढऱ्या गोट्यांमध्ये मांडलेल्या कुंड्या दिसतील, कवायतीला उभे राहिल्यासारखे बॉटल पाम दिसतील. सावली मात्र बहुतेक वेळा सिक्युरिटीच्या केबिनचीच मिळते आणि तिथे डिलिव्हरीवाले आधीच दाटीवाटीने उभे असतात.

आता वळसा घालून मागच्या गल्लीत जा. जनरेटर, एसीच्या यंत्रांची गरम हवा, कचऱ्याचे डबे, माल उतरवणारे टेम्पो. आणि या सगळ्यासमोर कुणाच्या तरी स्वयंपाकघराची खिडकी. बाग पुढच्या गिऱ्हाइकांना, धग मागच्या शेजाऱ्यांना. ही वाटणी कुणी केली?

मोठी व्यापारी इमारत बांधताना झाडं लावणं ही बिल्डरची हौस नसते, ती अट असते. मुंबईच्या १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत मनोरंजनासाठी सोडलेल्या जागेच्या दर १०० चौरस मीटरमागे ५ झाडं सांगितली होती. मुंबई वगळता राज्यातल्या बहुतेक शहरांना लागू असलेली २०२०ची एकत्रित नियमावली ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर १० टक्के मोकळी जागा मागते. बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल तर पर्यावरण मंजुरी लागते. तिच्या अटींमध्ये दर ८० चौरस मीटर जमिनीमागे किमान १ झाड, शक्यतो देशी, ही अट नेहमी दिसते.

कागदावर सगळं मस्त आहे. मग सावली जाते कुठे?

बरीचशी तळघरात जाते. खाली दोन-तीन मजली पार्किंग, वर स्लॅब, स्लॅबवर थोडी माती आणि त्या मातीत ‘लॅण्डस्केप’. तिथे गवत जगतं, झुडपं जगतात, पण वडा-पिंपळासारखं झाड पाय रोवणार कुठे? हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. दादरच्या कोहिनूर स्क्वेअरच्या प्रकरणात डिसेंबर २०१३ मध्ये न्यायालयाने सांगितलं की, नियमाने सक्तीची असलेली किमान मोकळी जागा जमिनीवरच हवी, पोडियमवर काय द्यायचं ते त्याखेरीज द्या. नियमावल्या बदलत राहतात. पण मुळांना माती लागते हा नियम काही बदलत नाही.

उरलेली सावली झाडाच्या निवडीत जाते. अटीत आकडा असतो, सावली नसते. पाम लवकर ‘तयार’ दिसतो, पानं कमी गाळतो, दुकानाची पाटी झाकत नाही. कुंपणालगत आडोसा हवा असेल तर झपाट्याने वाढणारा कोनोकार्पस आणून लावतात. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. परागकणांमुळे होणारा त्रास आणि जमिनीखालच्या केबल-पाइपांत शिरणारी मुळं ही त्यामागची कारणं होती. आपल्याकडे करंज, कडुनिंब, बकुळ आहेत. ताम्हण तर आपलं राज्यफूल आहे! पण ती वाढायला वेळ घेतात आणि उद्‌घाटनाची तारीख तेवढी थांबत नाही.

पडद्याचंही तेच. मुंबईत ऑक्टोबर २०२३ मध्ये धूळ रोखायला महापालिकेने ७० मीटरहून उंच प्रकल्पांभोवती ३५ फूट उंच पत्रे लावायला सांगितले. म्हणजे मनात आणलं की आडोसा फुटांत सांगता येतो. बांधकाम दोन-चार वर्षं चालतं. त्यानंतर पत्रे निघतात आणि मागची गल्ली पुढची चाळीस-पन्नास वर्षं जनरेटरकडे बघत बसते. झाडांची एक ओळ आवाज फारसा अडवत नाही, त्याला भिंतच हवी, हे खरं. पण ऊन, थोडी धूळ आणि डोळ्यांसमोरचं ते यंत्रांचं जंगल ती नक्की अडवते.

बिल्डर म्हणतील, जागा सोन्याच्या भावाची आहे, फांद्यांनी पाट्या झाकतात, पानांनी गटारं तुंबतात. अडचणी खोट्या नाहीत. पण खालच्या फांद्या वेळेवर काढल्या तर खोड उंच जातं, पाटी दिसते आणि सावली फुटपाथवर पडते. गटार साफ करायला माणूस ठेवता येतो. सावली मात्र ऐन मे महिन्यात ऑर्डर करून मागवता येत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. झाडं नुसती मोजू नका, जागा ठरवून द्या: फुटपाथच्या कडेला, खऱ्या जमिनीत आणि मागच्या बाजूला आधी. मोजणी इमारत वापरात येण्याच्या दिवशी एकदाच नको, पाच वर्षांनी पुन्हा करा. तोवर किती झाडं जगली, त्यावरच अट पाळली की नाही हे ठरू दे.

तुम्ही म्हणाल, यात आपण काय करणार? बरंच काही. पर्यावरण मंजुरीची पत्रं ‘परिवेश’ या सरकारी पोर्टलवर असतात. अटी किती पाळल्या याचा अहवाल प्रकल्पाला दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो. तुमच्या आयटी पार्कचं पत्र काढा, झाडांचा आकडा बघा आणि लंच ब्रेकमध्ये खाली जाऊन मोजा. अहवाल सापडला नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो. आर्किटेक्चर शिकत असाल तर पुढच्या सबमिशनला हिरव्या ठिपक्यांचा प्लॅन काढण्याआधी सेक्शनमध्ये माती किती खोल आहे ते दाखवा. आणि फॅसिलिटी टीममध्ये असाल तर या पावसाळ्यात मागच्या भिंतीलगत करंजाचे चार खड्डे घ्या. त्यासाठी कुठल्याही नियमाची वाट बघावी लागत नाही.