लेकीच्या गावाला : हेग

मैत्रिणींनो, लेक किंवा सून परदेशात बाळंत व्हायची असली, की घरात आधी डिंकाच्या लाडवांचा विषय निघतो आणि मग व्हिसाचा. ज्यांना नेदरलँड्समधल्या हेग शहरी जायचं आहे, त्यांच्यासाठी आजचं हे पान. तीन महिने खिडकीशी बसून काढायचे, की चार पावलं एकटीनं हिंडायचं, हे बरंचसं आपण इथून काय समजून जातो त्यावर असतं, बरं का!

त्या देशाची राजधानी अ‍ॅमस्टरडॅम खरी, पण संसद, मंत्रालयं आणि परदेशी वकिलाती हेगला. बातम्यांत आपण ऐकतो ते आंतरराष्ट्रीय न्यायालय इथल्याच पीस पॅलेसमध्ये भरतं. ही देखणी इमारत १९१३ साली उघडली. त्याच्या दोन वर्षं आधी, सावरकरांच्या मार्सेच्या उडीवरून फ्रान्स आणि ब्रिटन यांच्यात उठलेला वाद याच शहरातल्या लवादापुढे आला होता. निकाल ब्रिटनच्या बाजूनं लागला.

शहराला लागूनच समुद्र. त्यामुळे पावसापेक्षा वाऱ्याचा त्रास अधिक. छत्री दोन मिनिटांत उलटी होते. टोपी असलेला, वारा आत न शिरणारा कोट घ्या आणि आत एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा दोन पातळ घाला. डिसेंबरात दिवस आठ तासांचासुद्धा नसतो. दुपारी साडेचारला दिवेलागण! जूनमध्ये मात्र सूर्य रात्री दहाला मावळतो. झोपेचं वेळापत्रक घड्याळावर ठेवा, उजेडावर नको.

जुन्या घरांतले जिने अरुंद आणि शिडीसारखे उभे असतात. गुडघे दुखत असतील तर लेकीला आधीच विचारा, घर कितव्या मजल्यावर आहे? एका अवजड बॅगेऐवजी दोन लहान बॅगा बऱ्या. नळाचं पाणी समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्यांतून गाळून येतं. ते तसंच प्यावं, उकळत बसू नये. पुष्कळ घरांत इंडक्शनची शेगडी असते, तिच्यावर आपला अ‍ॅल्युमिनियमचा कुकर तापत नाही. नवा घेताना बुडाला लोहचुंबक लावून पाहा. चिकटला तर खुशाल घ्या.

आता खाऊच्या डब्याचं. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ भारतातून तिकडे नेता येत नाहीत, अगदी घरच्यापुरते म्हटलं तरी नाही. म्हणजे साजूक तूप, पेढे, खवा सगळं राहिलं. वाईट वाटून घेऊ नका. तिथं बिनमिठाचं लोणी छान मिळतं, ते कढवून तूप करा. डिंक आणि मसाले न्या, लाडू तिथंच वळा.

भाजीसाठी हाग्से मार्क्ट हा मोठा उघडा बाजार आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि शनिवारी भरतो. भेंडी, कारली, लांब चवळीच्या शेंगा पाहून हायसं वाटतं. ही भाजी तिथं कशी, याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १८७३ साली ‘लल्ला रुख’ जहाजानं कलकत्त्याहून पहिले गिरमिटिया मजूर सुरिनाम या डच वसाहतीत नेले. १९७५ साली सुरिनाम स्वतंत्र झाला, त्या सुमारास त्यांची हजारो नातवंडं-पतवंडं नेदरलँड्सला आली. त्यातली पुष्कळजण हेगला स्थिरावली. त्यांची सरनामी बोली भोजपुरी-अवधीच्या वळणाची. तेव्हा दुकानातल्या एखाद्या आजीशी हिंदीत बोलून पाहा. बाजाराशेजारच्या चौकात गांधीजींचा पुतळाही आहे.

बाहेर पडताना दोन गोष्टी. ट्राममध्ये चढताना यंत्राला कार्ड लावतात, तसं उतरतानाही लावायचं, नाहीतर जास्तीचे पैसे कापले जातात. आणि लालसर रस्ता सायकलींचा, त्यावर चालू नये. नऊ नंबरची ट्राम मदुरोडॅमवरून थेट स्केव्हेनिंगनच्या समुद्रावर जाते. मदुरोडॅममध्ये सबंध देश गुडघ्याएवढ्या इमारतींत मांडलेला आहे. मोत्याचं कानातलं घातलेल्या मुलीचं फेर्मेरचं जगप्रसिद्ध चित्र माउरित्सहाउसमध्ये आहे.

शेवटी नाजूक विषय. तिकडे बाळंतपण बहुतेक सुईणीच्या देखरेखीखाली होतं आणि त्यानंतर आठवडाभर एक शिकलेली मदतनीस रोज घरी येते. ती बाळाचं वजन पाहते, अंगावर पाजायला शिकवते, आल्यागेल्यावर लक्ष ठेवते. ती तेल-शेक-धुरीबद्दल काही बोलली, तर आपला मान गेला असं समजू नका. दोघींच्या ओढाताणीत ओली बाळंतीण सापडते. त्यापेक्षा त्या वेळात स्वयंपाकघर आपलं म्हणा. बाळ झाल्यावर तिथं टोस्टवर लोणी लावून, साखरेत घोळलेले बडीशेपेच्या चवीचे दाणे पसरून पाहुण्यांना देतात. दुधासाठी ते चांगले, अशी त्यांचीही जुनी समजूत. मग आपली बाळंतशोप त्या बाईला चाखायला द्यायला काय हरकत आहे?

निघण्यापूर्वी

• पाहुण्यांच्या व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. बाळंतपणाची तारीख पुढे-मागे होते, म्हणून परतीचं तिकीट बदलता येण्याजोगं काढा.

• किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच.

• रोजची औषधं पुरेशी घ्या, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा.

• लेकीचा पत्ता कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा. अडचणीला फोन नंबर ११२.