नुसत्या वजनाने धूर कळत नाही



तोड झाली की फडाफडातून पाचट पेटते. घटकाभरात धूर विरतो आणि आपण म्हणतो, झालं, रान मोकळं झालं! आमचे म्हणणे असे, की दिसणारा धूर गेला म्हणजे हवा साफ झाली, ही समजूत आता सोडली पाहिजे.

आपल्याकडे हवेतील कणांचा हिशेब वजनावर होतो. २००९ च्या राष्ट्रीय मानकांप्रमाणे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या कणांना घनमीटरमागे २४ तासांच्या सरासरीने ६० मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पण एकाच पदार्थाचा १० मायक्रॉनचा एक कण आणि ०.१ मायक्रॉनचे १० लाख कण काट्यावर सारखेच भरतात. वजनात न भरणारे हे बारीक कणच फुप्फुसात खोल उतरतात. उसाचे नुसते वजन पाहून भागत नाही, उताराही पाहावा लागतो. तसेच हे आहे.

मग न दिसणारे मोजावे कसे? स्कॉटलंडच्या जॉन एटकिन यांनी १८८० नंतरच्या दशकात युक्ती काढली. दमट हवा पंपाने एकदम पसरवली की ती गार होते, बाष्प कणाकणावर बसते आणि थेंब तयार होतात. ते चौकटी आखलेल्या पट्टीवर पाडून भिंगाखाली मोजायचे. आजच्या यंत्रात बहुधा ब्युटेनॉलची वाफ असते. मळीपासून निघणाऱ्या अल्कोहोलचाच तो भाऊबंद. फुगलेला थेंब लेसरच्या झोतातून गेला की एक लकाकी. जितक्या लकाक्या, तितके कण.

निसर्गाचीही हीच रीत. वसईकडे राजोडीच्या किनाऱ्यावर लाटा फुटतात, तुषार सुकतात आणि मिठाचे कण वाऱ्यावर चढतात. अशा कणांवरच बाष्प बसून ढगाचे थेंब होतात. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते, त्यातलाच हा प्रकार. पण धुराचे कण बेसुमार झाले, की तेवढेच बाष्प अनेकांत वाटले जाते. थेंब बारीक राहतात आणि त्यांचा पाऊस व्हायला वेळ लागतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २००९ पासून विमानातून असे कण आणि ढग यांचा अभ्यास केला आहे. म्हणजे पाचटाचा प्रश्न खोकल्यापुरता नाही, पाण्याचाही आहे.

युरोपात २०११ पासून नव्या डिझेल मोटारींच्या धुराला वजनाबरोबर कणसंख्येचीही मर्यादा लागली. मग आपणच मागे का राहावे? गळीत हंगामात कारखान्याच्या परिसरात आणि गावांतून कणांची मोजणी करून घ्यावी, असा ठराव सभासदांनी वार्षिक सभेत मांडावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. चिमणीलाही त्यातून सूट नको.

मात्र मोजणीची वाट पाहत काडी ओढू नका. खोडव्यात एक आड एक सरीत पाचट दाबा. ओल टिकेल, कुजून खत होईल. जे रानाचे आहे ते रानातच राहू द्या. पोराबाळांच्या छातीत नको.