फोन जोडणाऱ्या मुली आणि त्यांची खोली

फोनच्या असेंब्ली लाईनवर बोलायला वेळ नसतो. एका स्टेशनवर एकच काम: स्क्रू बसव किंवा केबल लाव, आणि पुढे ढकल. तेवढ्यात पुढचा फोन समोर. शेजारची मुलगी कोण, कुठल्या गावची, हे कळतं ते बसमध्ये, कॅन्टीनमध्ये आणि मुख्य म्हणजे होस्टेलवर. (आम्ही कोडवाले पिझ्झा खाऊन त्याला ‘टीम कल्चर’ म्हणतो, ते सोडा.)

चेन्नईजवळचं श्रीपेरुंबुदूर घ्या. फॉक्सकॉन तिथे आयफोन जोडते आणि लाईनवर बहुतेक तरुण मुली असतात. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांच्या एका होस्टेलच्या जेवणातून विषबाधा झाली, दीडशेहून जास्त जणींना दवाखान्यात भरती करावं लागलं. काही जणी खोलीवर परतल्या नाहीत, नीट माहिती कोणी देईना, आणि काही जणी दगावल्याची खोटी अफवा व्हॉट्सॲपवर फिरली. मग मुली थेट चेन्नई-बंगळूर हायवेवर जाऊन बसल्या. बळ होतं ते रूममेटचं. कारखाना काही आठवडे बंद राहिला. काही होस्टेल आणि जेवणघरं आपल्या निकषांत बसत नाहीत हे ॲपलला मान्य करावं लागलं, आणि कारखाना प्रोबेशनवर गेला.

पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये जवळच्या वल्लम वडगाल इथे १८,७२० महिला कामगारांसाठी निवासी संकुल सुरू झालं. सोय चांगलीच आहे. पण छप्पर नोकरीला बांधलेलं असलं की नोकरीबरोबर खोली जाते आणि मैत्रिणीही. दोन-तीन वर्षांत घरी परतणाऱ्या मुलींची ओळख संघटनेपर्यंत पोचणं मला तरी अवघड वाटतं.

त्याच भागात सॅमसंगचा फ्रीज आणि वॉशिंग मशीनचा कारखाना आहे, २००७ पासून. तिथले कायम कामगार बहुतेक पुरुष, अनेक जण वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी राबलेले. सप्टेंबर २०२४ मध्ये हजाराहून जास्त जण संपावर गेले आणि ३७ दिवस टिकले. पगाराचा मुद्दा होताच, पण गाडी अडली ती युनियनच्या मान्यतेवर. म्हणजे जी ओळख लाईनवर आधीपासून होती, तिला कागदावर नाव हवं होतं. प्रकरण मद्रास हायकोर्टात गेलं आणि जानेवारी २०२५ मध्ये नोंदणी मिळाली. पुढच्याच महिन्यात तिघांच्या निलंबनावरून कामगार पुन्हा धरण्यावर बसले.