तळ्याकाठचं इटली आणि आपलं ताट

आपल्यातला एखादा मुलगा किंवा मुलगी चांगल्या नोकरीला लागते, लग्नाच्या वाढदिवसाला मुळशीकडच्या एखाद्या तळ्याकाठच्या इटालियन रेस्टॉरंटमध्ये जेवायला जाते आणि फोटो टाकते. लगेच आपल्याच ग्रुपवर सुरू होतं : "समाज उपाशी आणि हे इटालियन खातात!" "बाबासाहेबांनी यासाठी शिकवलं का?" मित्रांनो, हा आक्षेप मला मान्य नाही. प्रश्न विचारायचे आहेत, पण जेवणाऱ्या मुलीला नव्हे.

टेस्टिंग मेन्यू म्हणजे काय? तुम्ही काही मागवायचं नाही. शेफ ठरवेल ते सात-आठ पदार्थ, प्रत्येकी दोन-तीन घास, एकामागून एक येतात. प्रत्येक ताटलीबरोबर वाढणारा माणूस वाकून सांगतो की हे कुठलं, कसं शिजवलं, यामागची गोष्ट काय. माणशी काही हजार रुपये लागतात. आता आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळातली येसकराची भाकर आठवा. तिथेही आपण काही मागवत नव्हतो, दुसऱ्यानं ठरवलेलंच पदरात पडत होतं. फक्त ते शिळं असायचं आणि वरून टाकलं जायचं. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी उष्टं आणि मेलेल्या जनावराचं मांस सोडा असं सांगितलं, ते याच अपमानावर बोट ठेवून. त्या पणजोबांची पणती आज खुर्चीवर बसते आणि तिच्यासमोर ताजं अन्न आदबीनं ठेवलं जातं, यात लाज वाटण्यासारखं काय आहे? साधेपणाचा उपदेश गरिबाला करणं ही जुनी ब्राह्मणी खोड आहे. बाबासाहेबांचा सूट ज्यांच्या डोळ्यांत खुपत होता, तीच ही नजर.

आता मेन्यूकडे वळू. रोमच्या स्वयंपाकात 'क्विंतो क्वार्तो', म्हणजे 'पाचवा चतुर्थांश', नावाचा प्रकार आहे. जनावराचे चार चांगले भाग श्रीमंतांनी नेल्यावर उरतं ते : वजडी, शेपूट, काळीज, आतडी. तेस्ताच्चो भागातल्या कत्तलखान्याच्या कामगारांना मजुरीचा काही हिस्सा याच मालात मिळायचा. त्यांच्या बायकांनी त्यातून जे शिजवलं, ते आज रोमची शान म्हणून मिरवतं. पोलेंता म्हणजे मक्याची घट्ट पेज. उत्तर इटलीतले शेतमजूर केवळ तीच खाऊन पेलाग्रा या रोगानं मरायचे. आज तीच पेज मोठ्या पांढऱ्या ताटलीत मधोमध चमचाभर येते आणि आपण मान डोलावतो.

मग आपली वजडी? रक्ती? उन्हात वाळवलेल्या चान्या? तीही कष्टकऱ्यांच्या बायकांचीच करामत. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्यातल्या महार-मांगांचं हे खाणं नोंदवून ठेवलं, तेव्हा कुठे ते छापील पानावर आलं. इटलीच्या गरिबाचं खाणं पुण्यात येताना विमानाच्या तिकिटाबरोबर प्रतिष्ठाही घेऊन येतं. आपल्या गरिबाचं खाणं वस्तीच्या बाहेर पडत नाही, कारण त्याला जात चिकटलेली आहे. त्यातही कायद्यानं भर घातली आहे. २०१५ पासून महाराष्ट्रात गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे. चान्या हा आठवणीतला पदार्थ होत चालला, त्यामागे हेही आहे. २०२३ मध्ये मुंबईच्या आयआयटीत मेसची काही टेबलं फक्त शाकाहाऱ्यांसाठी राखली गेली आणि विरोध करणाऱ्या विद्यार्थ्याला दहा हजारांचा दंड झाला. २०२४ मध्ये झोमॅटोनं शुद्ध शाकाहाऱ्यांसाठी वेगळा डिलिव्हरी ताफा जाहीर केला, आणि ओरड झाल्यावर हिरवा गणवेश तेवढा मागे घेतला. विटाळ कुठे गेलाय, असं विचारणाऱ्यांनी हे बघावं.

पण माझा खरा मुद्दा ताटाचा नाही, तळ्याचा आहे.

संविधानाचं कलम १५(२) पुन्हा एकदा वाचा. दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांत प्रवेश नाकारता येणार नाही, हे त्याच्या (क) भागात आहे. सरकारी पैशानं राखलेल्या विहिरी, तलाव, घाट, रस्ते यांच्या वापरावर निर्बंध घालता येणार नाही, हे (ख) भागात आहे. उपाहारगृह आणि तलाव एकाच कलमात शेजारी शेजारी आहेत. चवदार तळ्याचा अनुभव असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली हा मसुदा झाला, हे विसरू नका. महाडचं तळंही कागदावर आधीच खुलं होतं. बोले ठराव १९२३ चा, नगरपालिकेनं तो स्वीकारला १९२४ मध्ये. पाण्याला हात लागला १९२७ ला, आणि हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं.

मुळशीत काय झालं? १९२१ मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध इथे मावळ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट तुरुंगात गेले, तरी धरण झालंच. पुढे याच तालुक्यात वरसगाव धरणाच्या पाण्याकाठी लवासा उभं राहिलं. दासवे गावच्या जागी इटलीच्या पोर्तोफिनोची नक्कल : रंगीत इमारती, पाण्यालगत फिरायचा रस्ता, खाण्याची दुकानं. धरण सरकारनं बांधलेलं. काठाची काही जमीन कृष्णा खोरे महामंडळानं भाडेपट्ट्यानं दिलेली. गेलं ते कातकऱ्यांचं आणि छोट्या शेतकऱ्यांचं. २०१० मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं काम थांबवलं, २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. पोर्तोफिनो मुळात मासेमाऱ्यांचं गाव होतं. आमच्या नकलेत मासे धरणारा कातकरीच नको होता.

आज कुणी तुम्हाला जात विचारून दारातून परत पाठवत नाही, हे खरं. पण पाण्याकडे जाणारी वाट रिसॉर्टच्या फाटकातून जात असेल आणि फाटकाच्या आत बसायची किंमत हजारांत असेल, तर (क) आणि (ख) या दोन्ही भागांचं काय होतं? इथे जात उच्चारावी लागत नाही. भूमिहीन कोण राहिला, याच्या इतिहासानं ते काम आधीच केलेलं असतं.

आणि आत गेलात तर ताटल्या कोण घासतं तेही बघा. वाढणारा मुलगा इंग्रजीत गोष्ट सांगतो, पण भांडी आणि संडास ज्यांच्याकडे असतात ते ठेकेदाराचे, आणि त्यांची नावं, आडनावं, गावं विचारलीत तर उत्तर तुम्हाला ओळखीचं वाटेल. घोटावडे-पिरंगुटच्या पट्ट्यात कारखान्यांचीही हीच रीत आहे. ७ जून २०२१ रोजी उरवड्याच्या रसायन कारखान्यात आग लागली तेव्हा १७ कामगार गेले, बहुतेक बायका. वीकेंडला तळ्याकडे जाणाऱ्या गाड्या याच भागातून जातात.

म्हणून पोरांनो, जा आणि खुशाल जेवा. फोटोही टाका. पण मुळशीत राहणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी दोन कामं हातात घ्यावीत. एक, जलाशयाकाठच्या कुठल्या जमिनी कुणाला, किती वर्षांच्या भाडेपट्ट्यानं, कुठल्या अटींवर दिल्या आहेत, याची माहिती जलसंपदा खात्याकडे माहिती अधिकारात मागा. पाण्यापर्यंत जाणारी सार्वजनिक वाट नकाशावर कुठे आहे, तेही विचारा. दुसरं, हॉटेल-रिसॉर्टातल्या ठेकेदारी कामगारांना किमान वेतन, पीएफ आणि ईएसआय मिळतो का, हे त्यांच्याशी सुट्टीच्या दिवशी, वस्तीत बसून विचारा. मालकासमोर कुणी बोलणार नाही. घोटावडे फाट्यापासून सुरुवात करता येईल. कामाला जाणारी माणसं सकाळी तिथे भेटतात.

जयभीम.