साथीला बसवा

जूनमध्ये वर्गांची नवी नावनोंदणी सुरू झाली की हल्ली मुलांच्या रांगेत पन्नाशी ओलांडलेली माणसेही दिसतात. कुणी बँकेतून निवृत्त झालेले, कुणी लेकीसुनांच्या संसारातून जरा मोकळ्या झालेल्या. पेटी, तबला किंवा बासरी शिकायची लहानपणापासूनची इच्छा राहून गेलेली असते. नागपुरात धरमपेठेपासून नंदनवनपर्यंत वर्ग चालवणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाकडे असे दोन-चार शिष्य आहेत. आणि त्यातले बरेचसे दिवाळीनंतर येईनासे होतात, हेही आपल्याला ठाऊक आहे.

‘आता हात वळत नाही’ असे म्हणून आपण तो विषय मिटवतो. हाताची अडचण खरीच आहे. किनारीवरचा ‘ना’ सुटा वाजायला तर्जनी मोकळी लागते आणि साठीतले बोट तेवढे ऐकत नाही. पांढरी तीनच्या लांब बासरीवर नवख्याची बोटे भोकांपर्यंत पोचत नाहीत. त्याला आधी पांढरी पाचची आखूड बासरी द्यावी. मांडी घालता येत नसेल तर तबला स्टँडवर ठेवावा, त्यात काही बिघडत नाही. पण हात अजिबात वळत नाही, हे मला मान्य नाही. पंडित हरिप्रसाद चौरसिया व्यावसायिक वादक म्हणून स्थिरावल्यावर अन्नपूर्णादेवींकडे शिकायला गेले आणि बासरी उजवीकडून डावीकडे घेऊन त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. त्यांची प्रतिभा आणि मेहनत सगळ्यांकडे नसते, हे उघड आहे. हात नव्याने घडवता येतो, एवढे मात्र त्यातून दिसते.

माझ्या मते खरी अडचण कानाची आहे. आठ वर्षांच्या मुलाला आपला बोल कच्चा पडला हे कळतच नाही, म्हणून ते मजेत वाजवत राहते. प्रौढ शिष्याने चाळीस वर्षे आकाशवाणीवर अभंग, नाट्यगीते, गीतरामायण ऐकलेले असते. सम कुठे येणार हे त्याला आतून माहीत असते, सूर किंचित उतरला तरी खटकतो. कान इतका पुढे आणि हात इतका मागे, अशा अवस्थेत तो घरी दार लावून एकटाच पलटे घोटतो. रोज स्वतःचीच चूक ऐकायची आणि सोबतीला कुणी नाही, हे फार दिवस सोसत नाही.

ज्या ठिकाणी मोठी माणसे टिकतात, तिकडे आपण पाहिले पाहिजे. विदर्भात त्यासाठी फार लांब जावे लागत नाही. तुकडोजी महाराजांनी खंजेरी हातात घेऊन गावोगाव भजने केली आणि गुरुदेव सेवा मंडळाच्या रूपाने ती रीत मागे ठेवली. १९६८ मध्ये महाराज गेले, पण आजही संध्याकाळी शेतातून आलेला माणूस भजनाला बसतो, आधी टाळ धरतो, मग शेजाऱ्याचा हात बघत खंजेरी उचलतो. त्याची थाप चुकली तरी भजन थांबत नाही. दहा जणांची लय त्याला पुढच्या समेवर आणून सोडते. नागपुरातल्या ढोल-ताशा पथकांतही हेच घडते. तिशीत पहिल्यांदा ढोल कमरेला बांधणारे नोकरदार तरुण-तरुणी गणपतीआधी मैदानावर सराव करतात आणि त्याच वर्षी मिरवणुकीत वाजवतात. अमेरिकेत रॉचेस्टरच्या ईस्टमन संगीत विद्यालयात रॉय अर्न्स्ट यांनी १९९१ मध्ये पन्नाशीपुढच्या नवशिक्यांसाठी ‘न्यू होरायझन्स’ हा उपक्रम सुरू केला. त्यातही सुरुवातीपासून सगळ्यांनी मिळून बँडमध्ये वाजवायचे, हीच पद्धत ठेवली. पुढे ती इतर अनेक शहरांत पसरली.

आपली परीक्षापद्धती वेगळ्या गरजेतून आली. विष्णु दिगंबरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून सामान्य घरांतल्या मुलामुलींना संगीताचे दार उघडून दिले, ते ऋण मोठे आहे. पण प्रारंभिक ते विशारद या सात परीक्षा एकट्याने परीक्षकासमोर बसून द्यायच्या असतात. पंचावन्नाव्या वर्षी सुरुवात केलेला माणूस एकही परीक्षा न चुकवता बासष्टीला विशारद होईल. ज्याला ते हवे आहे त्याने जरूर करावे. इतरांना आपण त्याच शिडीवर का चढवतो, याचे नीट उत्तर माझ्याजवळ नाही.

माझी सूचना साधी आहे: पहिल्या दोन-तीन महिन्यांतच प्रौढ शिष्याला कुणाच्या तरी साथीला बसवा. तबला शिकणाऱ्याला कायदे नंतर. आधी दादरा आणि भजनी ठेका इतका पक्का करून घ्या की तो घरच्या हरिपाठाला वाजवू शकेल. पेटीवाल्याला आधी एकच चाल द्या, तीही गाणाऱ्याच्या पट्टीत. मग ती काळी चार असो की पांढरी एक. हे सवलत देणे नव्हे. लय आणि सूर यांबाबत त्याच्याशी मुलांपेक्षाही कडक वागा, कारण चूक त्याला कळते आणि खोट्या कौतुकाने तो दुखावतो. कमी करायचे ते सामग्रीचे ओझे.

गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमांतही बदल हवा. मुले एकामागून एक वाजवतात आणि मोठे शिष्य एक तर प्रेक्षकांत बसतात किंवा शेवटी घाईघाईत पाच मिनिटे उरकतात. एकल वादनाच्या भीतीने काही जण त्या दिवशी येतच नाहीत. लहान मुलाच्या तबल्याला लेहरा लागतोच, आणि आपण सर्रास मोबाइलवरचा लावतो. त्रितालातली चंद्रकंसातली एक ओळ, सोळा मात्रा, तीच पुन्हा पुन्हा, लय न सोडता: पेटी शिकणाऱ्या साठीतल्या शिष्यासाठी याहून योग्य काम मला सुचत नाही. महिनाभर आधी दोघांना एकत्र बसवा. मुलाला चुकतमाकत चालणाऱ्या, जिवंत लेहऱ्यावर सम गाठायची सवय लागेल. आजोबांनाही दर शनिवारी वर्गाला यायला कारण राहील, कारण ते आले नाहीत तर त्या मुलाचा सराव अडेल.